विहार आणि विहारवत्थु : भूमीचे हस्तांतर व प्राचीन वास्तूंचे रक्षण

चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धकात जेतवनाच्या खरेदीची कथा आली आहे. आपल्याकडे ती दानकथा म्हणून सांगितली जाते आणि ती दानकथा आहेच. परंतु पाली पाठ सावकाश वाचला म्हणजे ती एका जमीनव्यवहाराच्या वादाचीही कथा आहे, हे ध्यानात येते. अनाथपिंडिक उद्यान मागतो. राजकुमार जेत म्हणतो की, कोटी नाणी अंथरलीस तरी ते देण्याचे नाही. अनाथपिंडिक म्हणतो, 'उद्यान घेतले गेले.' जेत म्हणतो, 'घेतले गेले नाही.' दोघे व्यवहार पाहणाऱ्या महामात्यांकडे जातात आणि महामात्य निर्णय देतात की, ज्या अर्थी आपण किंमत उच्चारली त्या अर्थी उद्यान विकले गेले. मग गाड्या भरून नाणी येतात आणि जमिनीवर अंथरली जातात. दरवाजाजवळ थोडी जागा उघडी राहते, तेवढी जेत स्वतःसाठी मागून घेतो व तेथे कोष्ठक बांधतो. भारहुतच्या कठड्यावर हा प्रसंग कोरलेला आहे आणि त्याखालच्या लेखातही 'केता', म्हणजे विकत घेणारा, हा शब्द आवर्जून घातला आहे. ज्या भूमीवर बौद्ध परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध विहार उभा राहिला, तिच्या मुळाशी एक वादग्रस्त पण रीतसर खरेदी आहे.

याच खन्धकात पुढे पाच अविस्सज्जिय वस्तूंचा नियम येतो. अविस्सज्जिय म्हणजे देऊन टाकता न येणारे. या वस्तू संघाला देता येत नाहीत, गणाला देता येत नाहीत, एकट्या भिक्षूलाही देता येत नाहीत. कोणी दिल्याच तर त्या दिल्या गेल्या असे मानले जात नाही आणि देणाऱ्याला थुल्लच्चय आपत्ती लागते. दिल्या तरी दिल्या न गेलेल्याच, हा या नियमाचा कणा आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर असा व्यवहार केवळ निषिद्ध नाही, तो मुळातच शून्य आहे.

या पाचांत पहिली वस्तू आराम आणि आरामवत्थु, दुसरी विहार आणि विहारवत्थु. पलंग, भांडी, वेली, बांबू ही पुढची. आम्हांला येथे महत्त्वाची वाटते ती ही जोडी. विहार म्हटल्यावर विहाराची जागा त्यात आलीच, मग 'वत्थु' हा शब्द निराळा का उच्चारला? अट्ठकथाकारांनी याचे उत्तर दिले आहे. समन्तपासादिकेत विहारवत्थु म्हणजे विहार ज्यावर प्रतिष्ठित आहे ती जागा, असा अर्थ केला आहे. आरामवत्थूविषयी त्याहून पुढे जाऊन सांगितले आहे की, आराम उभारण्यासाठी आखून ठेवलेली जागा म्हणजे आरामवत्थु. तसेच आराम नष्ट झाले असतील तर त्यांचा जो 'पोराणकभूमिभाग' उरला तोही आरामवत्थुच. वरचे सर्व काही गेले तरी जुनी भूमी उरते आणि तिला तोच नियम लागू राहतो. पडक्या वास्तूची जागा ही मोकळी जागा नव्हे, हा विचार पाली अट्ठकथेत इतक्या स्पष्टपणे आला आहे.

हा विनय भिक्षूंना बांधतो. जो राजा, जो गृहस्थ, जो शेतकरी संघाबाहेर आहे त्याला तो कसा बांधणार? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापेक्षा आपल्या नाशिकच्या लेण्यांत शोधावे.

या लेण्यांना 'पांडवलेणी' हे नाव लोकांत रूढ झाले आहे. पांडवांचा या डोंगराशी काहीही संबंध नाही. लेखांत डोंगराचे नाव तिरण्हु असे आहे आणि तेच त्रिरश्मी या रूपाने आज पुन्हा वापरात येत आहे. येथील दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दीनिकपुत्र उषवदात याने कोरविले. त्याच्या लेखात भिक्षूंच्या अन्नासाठी दिलेल्या एका शेताची हकीकत आहे. हे शेत त्याने वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना विकत घेतले. लेखात विकणाऱ्याचे नाव आहे, त्याच्या आईचे नाव आहे, किंमत अक्षरांत आणि अंकांतही आहे, शेत वडिलार्जित असल्याचा उल्लेख आहे, आणि ते नगराच्या सीमेवर वायव्येच्या बाजूस आहे हेही सांगितले आहे. राजाचा जावई ते शेत हुकमाने घेऊ शकला असता. त्याने पैसे मोजले आणि व्यवहाराचे सर्व तपशील शिळेवर कोरून ठेवले.

त्याच लेण्यातील ४२ व्या वर्षाचा लेख याहून बोलका आहे. उषवदाताने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, व्याजच भिक्षूंच्या चीवरादी खर्चासाठी घ्यावयाचे. आणि मग लेख सांगतो की, हे सर्व निगमसभेत ऐकविले गेले आणि रीतीप्रमाणे फलकवारात निबद्ध केले गेले. 'श्रावित' आणि 'निबद्ध' या दोन शब्दांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. दान दिल्याने ते टिकत नाही. गावासमोर ते वाचले पाहिजे आणि दप्तरात चढले पाहिजे, म्हणजे उद्या कोणी 'आम्हांस ठाऊक नव्हते' असे म्हणू शकणार नाही.

थोड्याच काळात सत्ता बदलली. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. जिंकलेल्या मुलखातील जमिनींचे काय झाले? तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील १८ व्या वर्षाच्या लेखात गौतमीपुत्र गोवर्धनच्या अमात्याला कळवितो की, पश्चिम कखडी गावातील २०० निवर्तने शेत, जे आजवर उषभदाताच्या भोगात होते, ते तेकिरसी, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावरील, प्रव्रजितांना दिले आहे. त्या शेताला त्याने परिहार दिले: त्यात राजपुरुषांनी शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी खणू नये, प्रदेशाच्या अधिकाऱ्यांनी कारभार चालवू नये. पुढे २४ व्या वर्षी दुसरा लेख आला. कखडीचे शेत कोणी कसत नव्हते आणि गावही वसत नव्हते. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने बदली देण्यात आली. ही आज्ञा गौतमीपुत्र आणि राजमाता या दोघांच्या नावाने आहे. पुळुमावीच्या काळातही सुदसण गावाच्या ऐवजी सामलिपद गाव देण्यात आले. म्हणजे जमीन बदलली तर ती उघडपणे, लेखी आणि समतुल्य मोबदला देऊन.

कार्ल्यालाही हेच दिसते. वलुरक लेण्यांतील प्रव्रजितांना उषवदाताने करजिक गाव दिल्याचा लेख चैत्यगृहावर आहे. त्याच ठिकाणी मामाडच्या अमात्याला दिलेली दुसरी आज्ञा आहे. राजाचे नाव त्यात उरलेले नाही, तथापि बहुतेक अभ्यासक ती गौतमीपुत्राची मानतात. तिच्यात त्याच गावाची भूमी 'भिखुहल' म्हणून, म्हणजे भिक्षूंची शेतजमीन म्हणून, पुन्हा मान्य केली आहे. शत्रूने दिलेले दान जेत्याने रद्द केले नाही. मालक बदलला, पण भूमीवरचा भार कायम राहिला. धर्मभावनेइतकाच यात राज्यव्यवहाराचा शहाणपणा होता, असे आम्हांस वाटते.

पुढे संघ उरला नाही. ज्याच्या नावे भूमी होती तो भूमीचा धनीच नाहीसा झाला, आणि कोरलेले लेख वाचणारेही राहिले नाहीत. अशा स्थितीत जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली की तिच्यावरील टेकाडही सोबत जाई. विटांची खाण एवढीच त्या टेकाडाची किंमत होती. सारनाथ येथे १७९४ मध्ये जगत सिंह यांच्या माणसांनी बाजारपेठ बांधण्यासाठी दगडविटा काढताना धर्मराजिका स्तूपातील अस्थिकरंडक बाहेर काढला. अस्थी गंगेत टाकण्यात आल्या. ही हकीकत बनारसचे तत्कालीन रेसिडेंट जोनाथन डंकन यांनी नोंदली म्हणून आपल्याला कळते. ज्यांची नोंद झाली नाही असे स्तूप किती असतील! अमरावतीच्या महास्तूपाची गत अशीच झाली; तेथे जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू यांच्या नव्या नगरासाठी शिळा उचलल्या जात असताना १७९७ मध्ये कॉलिन मॅकेंझी तेथे पोहोचले. सारनाथची जागा पुढे निळीच्या एका मळेवाल्याच्या ताब्यात होती आणि १८५६ मध्ये सरकारने ती त्याच्याकडून विकत घेतली. धम्मचक्कप्पवत्तन झाले ती भूमी निळीच्या मळ्याचा भाग म्हणून विकली गेली, हे वाक्य लिहितानाही विचित्र वाटते. पण त्या विक्रीनेच ती वाचली, हेही तितकेच खरे.

पिपरहवाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि ते अलीकडेपर्यंत संपलेले नव्हते. जानेवारी १८९८ मध्ये बर्डपूर जमीनदारीचे व्यवस्थापक विल्यम क्लॅक्स्टन पेप्पे यांनी जमीनदारीच्या हद्दीतील टेकाड खणले. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात करंडक, अस्थी आणि सुमारे अठराशे रत्ने व सुवर्णाचे तुकडे होते. एका करंडकावरील लेखात शाक्यांचा आणि भगवान बुद्धांचा उल्लेख आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली सरकारने त्यावर हक्क सांगितला. अस्थी १८९९ मध्ये सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांना देण्यात आल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली आणि सुमारे एक पंचमांश भाग, तो 'जादा' ठरवून, पेप्पे यांच्याकडे ठेवण्यात आला. मे २०२५ मध्ये तोच भाग हाँगकाँग येथे सॉदबीज संस्थेच्या लिलावात येणार होता. भारत सरकारने हरकत घेतली, जगभरच्या बौद्धांनी निषेध केला, लिलाव पुढे ढकलला गेला, आणि जुलै २०२५ मध्ये एका भारतीय उद्योगसमूहाने तो संग्रह मिळविल्यावर तो भारतात परतला. या परतीचा आनंद सर्वांना झाला. तथापि, अस्थींसोबत श्रद्धेने ठेवलेल्या वस्तू किंमत मोजून सोडवाव्या लागल्या, याचे कारण १८९८ मध्ये आहे. टेकाड ज्याच्या हद्दीत त्याचा टेकाडातील वस्तूंवरही काही अंशी हक्क, हे तेव्हा गृहीत धरले गेले. विहार आणि विहारवत्थु यांची जोडी तेथे उलट्या दिशेने वापरली गेली: भूमी माझी, म्हणून वास्तूही माझी.

हे गृहीतक मोडून काढण्याचे काम पुढील कायद्यांनी बऱ्याच अंशी केले. १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आणि त्यानंतरचा १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायदा यांची रचना पाहावी. १९५८ च्या कायद्यात 'प्राचीन स्मारक' या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात केवळ वास्तू येत नाही. स्मारकाची जागा आणि कुंपणासाठी लागणारी लगतची जमीनही त्यात येते. पाली अभ्यासकाला येथे विहारवत्थूची आठवण होणे अपरिहार्य आहे. स्मारक संरक्षित जाहीर झाले म्हणून जमिनीची मालकी आपोआप सरकारकडे जात नाही, ही गोष्ट मात्र आपल्या अनेक कार्यकर्त्यांच्या ध्यानात नसते. संरक्षित वास्तू खाजगी मालकीच्या जमिनीवर असू शकते आणि ती जमीन विकलीही जाऊ शकते. म्हणूनच कलम ६ मध्ये मालकाशी करावयाच्या कराराची तरतूद आहे. त्या करारात असे घालता येते की, स्मारकाची किंवा लगतची जमीन विक्रीस काढली तर मालकाने केंद्र सरकारला सूचना द्यावी आणि बाजारभावाने ती खरेदी करण्याचा हक्क सरकारला राहावा. कलम १२ त्याहून महत्त्वाचे आहे. महसुलाच्या थकबाकीसाठी झालेल्या लिलावात ती जमीन घेणारा, तसेच करार करणाऱ्या मालकाकडून स्मारकावर हक्क सांगणारा कोणीही, त्या कराराने बांधला जातो. मालक बदलला तरी भार कायम राहतो. कार्ल्याच्या शिळेवरील तत्त्व येथे कायद्याच्या कलमात आले आहे.

शिवाय २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती किमान १०० मीटर क्षेत्र बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित ठरविले. जमीन कितीदा विकली गेली तरी हा निर्बंध तिच्यासोबत जातो. महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा राज्य संरक्षित स्मारकांसाठी आहे.

मग अडचण कोठे आहे? अडचण संरक्षित यादीच्या बाहेर आहे. देशभरात केंद्रीय संरक्षणाखाली साडेतीन हजारांहून अधिक स्मारके आहेत. परंतु एकट्या महाराष्ट्रात लहानमोठी लेणी, पोढी, विटांची टेकाडे, पांढरीची स्थळे डोंगरोडोंगरी आणि नदीकाठी पसरली आहेत आणि त्यांपैकी पुष्कळांचे नाव कोणत्याही यादीत नाही. सातबाऱ्यावर असे लेणे बहुधा 'पोटखराबा' या शब्दात दडलेले असते: लागवडीस निरुपयोगी क्षेत्र. टेकाडाची पांढरी माती खत म्हणून शेतात टाकण्यासाठी गाड्या भरून नेण्याची चाल जुनीच आहे; त्या मातीबरोबर विटा आणि खापरेही जातात. पवनीचे उदाहरण घ्यावे. तेथील जगन्नाथ टेकडीच्या पोटात मोठा स्तूप आहे, हे नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या उत्खननानंतर सिद्ध झाले. त्यापूर्वी ती केवळ एक टेकडी होती.

शहराजवळच्या जमिनीचा प्रश्न याहून निकडीचा आहे. कान्हेरीच्या लेखांत भिक्षूंना दिलेल्या शेतांच्या संदर्भात मंगलठाण या गावाचे नाव येते. तेच आजचे बोरिवलीजवळचे मागाठाणे. तेथील लेणी घरांच्या दाटीत सापडली आहेत. सोपाऱ्याचा स्तूप संरक्षित आहे, पण त्याच्या आसपासची वाडी-शेती गेल्या काही दशकांत इमारतींखाली गेली. अशा ठिकाणी जमिनीचा भाव इतका चढतो की, विकणाऱ्याला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नसते. विकणारा पुष्कळदा कर्जात बुडालेला अल्पभूधारक असतो. कित्येक गावांत तो आपलाच बांधव असतो. त्याला धमकावून किंवा भावनेचे आवाहन करून लेणे वाचणार नाही. उषवदाताने ४००० कार्षापण मोजले, गौतमीपुत्राने बदली जमीन दिली. मोबदल्याशिवाय भूमीवर निर्बंध लादण्याची अपेक्षा त्या काळीही कोणी केली नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर लेणी ही आपली श्रद्धास्थाने झाली, पौर्णिमेला तेथे वंदना होते, त्रिशरण-पंचशील घेतले जाते. ते योग्यच आहे. पण वंदनेला जाणाऱ्या शंभर उपासकांपैकी त्या डोंगराचा गट क्रमांक ठाऊक असलेला एक तरी असतो काय?

आमच्या मते काम तेथूनच सुरू होते. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होते, तिची प्रत चावडीवर लावली जाते, हितसंबंधितांना सूचना जाते, आणि हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेतली जाते. निगमसभेत श्रावित आणि फलकवारात निबद्ध याच पद्धतीचे हे आजचे रूप आहे. शहराजवळच्या जमिनींबाबत त्याआधीही एक पायरी असते: खरेदीदाराचे वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन ठराविक मुदतीत हरकती मागवितात. हरकतीने व्यवहार थांबेलच असे नाही, आणि असंरक्षित स्थळाच्या बाबतीत तर ती हरकत म्हणून टिकणेही कठीण. परंतु या जमिनीत प्राचीन अवशेष आहेत ही गोष्ट खरेदीदाराच्या कागदोपत्री आली, की पुढे ती माहीत नव्हती असे त्याला म्हणता येत नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या सदरात अवशेषांचा उल्लेख यावा यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करणे, आणि त्याच वेळी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे स्थळ संरक्षित करण्याची मागणी पाठविणे, ही दोन्ही पावले विक्रीची वाट न पाहता उचलता येतात. जमीन शेतकऱ्याच्या हाती असते तेव्हा तो बहुधा राजी असतो. विसार घेतल्यावर त्याचे हात बांधले जातात.

अर्जात गट क्रमांक, चतुःसीमा, अवशेषांची मोजमापे आणि दिनांकासह छायाचित्रे असावीत. आणखी एक गोष्ट अभ्यासक म्हणून सुचवितो. गावकरी त्या जागेला जे नाव देतात ते जसेच्या तसे लिहावे, मग ते कितीही चुकीचे वाटो. सोपाऱ्याचा स्तूप लोकांना 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ठाऊक होता. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उघडला तेव्हा आत दगडी पेटी, एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ बुद्धमूर्ती निघाल्या. पांडव, बळी, भीम, राक्षस, बुरूड राजा, कोणा राणीचा महाल अशा नावांखाली अजून किती विहारवत्थु आहेत, ते या नावांच्या नोंदीवाचून कळणार नाही. आणि जुन्या मोजणीच्या नकाशांत त्या जागेचा काही पत्ता लागला, तर तो याच नावांनी लागण्याचा संभव अधिक आहे.